शिष्यवृत्ती, खोली आणि पुढारपण : परभणीतून दिसणारा एक इतिहास

आजचा विषय ऐकायला साधा आहे. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलामुलींमध्ये नेतृत्व कसं तयार होतं? अलीकडे या प्रश्नाचं एक तयार उत्तर मिळतं. दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं, बाहेरून वक्ता बोलवायचा, शेवटी प्रमाणपत्र द्यायचं. शिबिरांना आमचा विरोध नाही. पण इतिहासाच्या बाजूनं बघितलं तर मराठवाड्यात जी माणसं गरिबीतून शिकली आणि पुढे दहा जणांना बरोबर घेऊन चालली, ती अशा शिबिरांतून आलेली दिसत नाहीत. मग ती आली कुठून? याचा शोध आज आपण परभणी जिल्ह्याला मध्यभागी ठेवून घेऊ. वाटेत हैदराबाद, औरंगाबाद, मुंबई आणि बडोदा इथेही जावं लागेल, कारण परभणीच्या पोराला शिकायचं तर बरीच वर्षं परभणी सोडावीच लागत होती.

आधी शब्दाबद्दल थोडं. 'पुढारी' हा शब्द आपल्याकडे दोन सुरांत म्हटला जातो. एक आदरानं, आणि एक जरा नाक मुरडून. 'फार पुढारपण करू नको' असं घरची म्हातारी माणसं सांगतात, तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की दिसण्यापुरतं पुढे होऊ नको. दोन्ही सुरांमागे एकच कसोटी आहे. या माणसानं काही अंगावर घेतलंय का, की नुसता पुढे उभा आहे? ही कसोटी आज शेवटपर्यंत जवळ ठेवू.

आता काळ बघू. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं शिक्षणाचं माध्यम उर्दू. १९२३ साली औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज सुरू झालं. मराठी घरातल्या, उर्दू न येणाऱ्या, खेड्यातल्या मुलाला मॅट्रिकच्या पुढे जायचं तर मनमाड-हैदराबाद लाइनीवरची गाडी पकडायची. वर हैदराबाद, नाहीतर खाली औरंगाबाद. दोन्हीकडे फी, राहणं, जेवण, सगळं नवं. ज्याच्या घरात शेतीचं बरं उत्पन्न किंवा वकिली, त्याला जमायचं. बाकीच्यांचं काय व्हायचं, याचं एक उदाहरण आपल्या परभणीचंच आहे. बी. रघुनाथ, सातोन्याला १९१३ साली जन्मलेले. मराठवाड्यातला एवढा मोठा कवी आणि कथा-कादंबरीकार, पण घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण मॅट्रिकला थांबलं आणि परभणीत बांधकाम खात्यात कारकुनी करावी लागली. १९५३ साली, चाळिशी उलटली न उलटली तोच ते गेले. प्रतिभा होती, तिला हात देणारी व्यवस्था नव्हती.

जे जाऊ शकले त्यांचं काय झालं? १९३८ च्या अखेरीला औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून संघर्ष पेटला. प्रार्थनेच्या वेळी हे गीत म्हणायला बंदी झाली, मुलांनी ऐकलं नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावं कॉलेजातून काढली गेली. त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच विद्यार्थ्यांपैकी. ही गोष्ट आपण नेहमी देशभक्तीच्या अंगानं सांगतो, ती तशी आहेच. पण आजच्या विषयासाठी एक बारीक बाब बघा. हा लढा वर्गात उभा राहिला नाही, वसतिगृहात उभा राहिला. एकत्र राहणारी, एका पंगतीला जेवणारी, रात्री दिवे मालवल्यावर बोलणारी मुलं होती म्हणून एकाचा निर्णय सगळ्यांचा झाला. नाव कापलं जाईल हे माहीत असताना एकत्र राहायचं, हे धडे कुठल्या पुस्तकात नव्हते.

इथून आपण शिष्यवृत्तीकडे वळू, आणि त्यासाठी बडोद्याला जाऊ. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानानं भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात करार असा की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. १९१७ साली ते नोकरीवर रुजू व्हायला बडोद्यात आले, आणि काय झालं ते आपल्याला माहीत आहे. कोलंबियात शिकलेल्या माणसाला अख्ख्या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही जबरदस्तीनं बाहेर काढलं. नोकरी सोडून मुंबईला परतावं लागलं.

आम्हांला या प्रसंगात एक गोष्ट नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे. शिष्यवृत्तीनं पैशाचा प्रश्न सुटला होता, खोलीचा प्रश्न सुटला नव्हता. आणि हा माणूस पुढे सार्वजनिक कामाला लागला तेव्हा त्यानं काय केलं बघा. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या सुरुवातीला सभेनं सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं. अगदी सुरुवातीच्या कामांत वसतिगृह. त्या आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली होती. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग चालू केलं. तिथली मुलं स्वतः स्वयंपाक करायची, कामं वाटून घ्यायची. या सगळ्यांना एक गोष्ट उमगली होती. गरीब मुलाच्या हातात नुसते पैसे देऊन भागत नाही, त्याला आपल्यासारख्यांची सोबत आणि सांभाळायला एखादं काम लागतं.

१९४२ च्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना एक निवेदन दिलं. त्यात उच्च शिक्षणासाठी, विशेषतः विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी, सरकारी मदतीची मागणी होती. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, पुढे ती इतरांपर्यंत गेली. आज परभणीच्या कुठल्याही कॉलेजातला लिपिक जिला नुसतं 'स्कॉलरशिप' म्हणतो, तिचं मूळ तिथे आहे. ती कुणाची मेहेरबानी म्हणून आली नाही, हक्क म्हणून मागितली गेली. हे विद्यार्थ्यांना माहीत असणं हाही नेतृत्वाचाच भाग आहे. जो स्वतःला उपकाराखाली समजतो तो पुढे कसा येणार?

आणि बाबासाहेब शिष्यवृत्तीवर थांबले नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तिथे विद्यार्थ्यांची संसद होती. मुलांनी सरकार आणि विरोधी पक्ष बनून विधेयकं मांडायची, वाद घालायचा, मत घ्यायचं. १९५० साली बाबासाहेब स्वतः त्या संसदेसमोर हिंदू कोड बिलावर बोलले आहेत. त्या वेळी ते देशाचे कायदामंत्री होते. देशाच्या संसदेत जो विषय गाजत होता, तोच त्यांनी विद्यार्थ्यांसमोर मांडला. मुलांना लहान समजून सोपा विषय दिला नाही.

त्याच १९५० साली औरंगाबादेत सोसायटीचं कॉलेज उघडलं. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं आणि परिसर नागसेनवन. हे नाव विचार करून दिलेलं आहे. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तरं देणारा भिक्खू. कॉलेजला नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं. परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबादकडची मुलं गाठोडं घेऊन तिथे उतरायची. घरातलं पहिलं शिकणारं पोर. शिष्यवृत्ती उशिरा यायची, वसतिगृहात जागा मिळाली की वर्ष निघायचं. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी मुलांसाठी 'युगयात्रा' नाटक लिहिलं. गंगाधर पानतावणे तिथे शिकवत, त्यांच्या 'अस्मितादर्श'मधून एका पिढीनं लिहायला सुरुवात केली. इथून बाहेर पडलेल्यांनी गावोगावी शाळा, संघटना, वाचनालयं काढली. म्हणजे बघा, शिष्यवृत्ती होती, खोली होती, आणि करायला काहीतरी होतं. नाटक, नियतकालिक, वादसभा. ही तीन एकत्र आली तिथे माणसं घडली.

आता परभणीला परत येऊ. १९५६ साली परभणीत कृषी महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, आणि १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ. आज ते वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जातं. आता परभणीच्या पोराला गाडीत बसायची गरज उरली नाही, उलट बाहेरची मुलं परभणीला येऊ लागली. पण १९७२ हे साल आपल्या भागात विद्यापीठापेक्षा दुष्काळानं लक्षात राहिलं. एकीकडे शेतीचं विद्यापीठ, दुसरीकडे त्याच शेतकऱ्याची माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडतायत. घरून पैसे येणं बंद झालेल्या मुलाला कॉलेजात बसताना काय वाटलं असेल?

ते १९७४ च्या सुरुवातीला बाहेर पडलं. मराठवाड्याच्या विकासाचं आंदोलन विद्यार्थ्यांनी सुरू केलं. नोकऱ्यांत स्थानिकांना संधी, रुंद रेल्वेमार्ग, पाटबंधारे, उद्योग, अशा मागण्या होत्या. वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे बळी गेले. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, १९९९ साली हिंगोली वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेलं. या आंदोलनात पुढे आलेली मुलं श्रीमंतांची नव्हती. फी माफी, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांवर शिकणारी बरीच होती. त्यांनी मोर्चे काढले, पत्रकं छापली, गावोगाव बैठका घेतल्या. त्यांतले कितीतरी पुढे राजकारणात, पत्रकारितेत, सहकारात दिसले.

इथपर्यंत ही चढत जाणारी गोष्ट वाटते. पण इतिहास सोयीनं सांगायचा नसतो. चारच वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. परभणी जिल्हा त्यातून सुटला नाही. आणि जरा थांबून बघा. नामांतराच्या बाजूनं लढणारे विद्यार्थी होते आणि विरोधात कृती समित्या चालवणारेही विद्यार्थी होते. पत्रक लिहिणं, बंद पुकारणं, गर्दी जमवणं, दोन्हीकडे हे कौशल्य होतं. चार वर्षांपूर्वी विकासासाठी वापरलं गेलेलं कौशल्य आता शेजाऱ्याच्या विरोधातही वापरलं जात होतं.

म्हणून आम्ही म्हणतो की नेतृत्व म्हणजे नुसतं कौशल्य नव्हे. भाषण येणं, लोक जमवता येणं, न घाबरता बोलणं, हे शिकवता येतं. पण ते कुणासाठी वापरायचं हे सोबतीतून ठरतं. १९७८ च्या आगीत कोण कुणाच्या खोलीवर राहिलेलं होतं, कोण कुणाच्या ताटात जेवलेलं होतं, याला फार अर्थ होता. भाऊरावांनी सगळ्या जातींची मुलं एका छताखाली का ठेवली, ते अशा वेळी कळतं. आपल्याकडे पुढे वसतिगृहं बहुतेक प्रवर्गांप्रमाणे वाढली. त्यांची गरज होती, आजही आहे. पण एकत्र राहण्याची जागा कमी पडली, हेही खरं.

पुढचं महत्त्वाचं साल १९९४. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. १४ जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, आणि परभणीची कॉलेजं नंतर त्याच्याकडे आली. विद्यापीठ जवळ आलं. आणि त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका थांबल्या. कारण खरं होतं. निवडणुकांत पैसा, गुंडगिरी, हाणामाऱ्या वाढल्या होत्या, मुंबईत तर एका विद्यार्थ्याचा खून झाला होता. उपाय असा केला की वर्गात गुणांनी पहिला येणारा तो वर्गप्रतिनिधी, आणि खेळ, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिक यांचे प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमायचे.

याचा परिणाम कुणावर झाला? दिवसा कॉलेज, संध्याकाळी दुकानात काम आणि सुट्टीत सोयाबीन काढणी करणाऱ्या मुलाला गुणांत पहिलं येणं अवघड. पण वर्गातल्या साठ जणांना त्याच्यावर विश्वास असू शकतो. मतदान होतं तेव्हा त्याला संधी होती, नेमणूक आली तशी ती गेली. हाणामारी थांबली हे चांगलंच झालं. पण मतं मागणं, हरणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याबरोबर चहा घेणं, हा सरावही थांबला. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, पण तिची अंमलबजावणी रखडत राहिली.

आता आजच्या काळाकडे. मदतीच्या योजना कमी नाहीत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह भत्ता आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. २०२४ पासून ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी आहे. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. मधला हात गेला, खिडकीवरचे हेलपाटे कमी झाले. हे मोठं काम आहे, आणि ते कमी लेखू नये.

पण यातून एक बदल नकळत झाला. पैसा एकेकट्याच्या खात्यात आला आणि मुलंही एकेकटी झाली. वसतिगृहात जागा नाही म्हणून भत्ता घेऊन शहरात भाड्याची खोली करायची, डबा लावायचा, अर्ज मोबाइलवर भरायचा, त्रुटी निघाली की नेट कॅफेत जायचं. पूर्वी स्कॉलरशिप अडकली की वसतिगृहातली चाळीस मुलं मिळून समाजकल्याणच्या ऑफिसात जायची. त्या चाळिसांत एक अर्ज लिहिणारा असायचा, एक बोलणारा, एक सगळ्यांना शांत ठेवणारा. पुढारी तिथे तयार व्हायचा. आता प्रत्येक जण आपल्या मोबाइलवर 'प्रलंबित' हा शब्द एकटाच बघतो. विद्यार्थी होता तो 'लाभार्थी' झाला. हा शब्द आम्हांला खटकतो. लाभार्थ्याला काही अंगावर घ्यायचं नसतं, फक्त वाट बघायची असते.

तरी सगळं संपलेलं नाही. परभणीतच एक चांगलं उदाहरण दरवर्षी दिसतं. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहतात. गावकरी त्यांना कृषिदूत, कृषिकन्या म्हणतात. ही मुलं पाराजवळ रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते सांगतात. तीस वर्षं शेती केलेल्या माणसासमोर बावीस वर्षांच्या मुलीनं उभं राहायचं आणि तो म्हणाला 'हे आमच्याकडे चालत नाही, ताई', तर ऐकून घ्यायचं, वहीत लिहायचं, परत विचारायचं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरातही हे थोडंफार होतं. ही योजना १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झाली, तेव्हा सुमारे ४०,००० स्वयंसेवक होते. शिबिर मनापासून झालं तर सात दिवसांत मूल बदलतं. नुसतं फोटोपुरतं झालं तर नाही.

मग करायचं काय? इतिहासातून आम्हांला तीन गोष्टी दिसतात, आणि तिन्हींना फार पैसा लागत नाही. पहिली, मुलांच्या हातात खरा हिशेब द्या. वसतिगृहाची मेस मुलांच्या समितीनं चालवावी. महिन्याचा किराणा किती, भाजी किती, हजेरीप्रमाणे डोई किती पडले, हे फळ्यावर लागावं. ज्यानं एक महिना मेस चालवली आणि शिव्या खाल्ल्या, त्याला नेतृत्वावरचं भाषण लागत नाही. दुसरी, शिष्यवृत्तीचं मदत केंद्र विद्यार्थ्यांनीच चालवावं. दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं पहिल्या वर्षाच्या मुलांचे अर्ज तपासावेत, कुणाचे अडकले त्याची यादी करावी, दर महिन्याला ती प्राचार्यांसमोर ठेवावी. एकट्याचा 'प्रलंबित' असा पुन्हा सगळ्यांचा होतो. तिसरी, महिन्यातून एकदा विद्यार्थी संसद. विषय खरा हवा, पिकविम्याचा, एसटीच्या पासाचा, मुलींच्या वसतिगृहाच्या वेळेचा. आणि दोन्ही बाजूंना सगळ्या समाजांची मुलं हवीत. १९७८ नं शिकवलेलं ते विसरून चालणार नाही.

शिबिरं घ्यायची तर जरूर घ्या. पण शिबिर संपल्यावर सोमवारी त्या मुलाच्या हातात काय काम आहे, हे आधी ठरवा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीनं एका माणसाला शिकवलं. त्या माणसानं पुढे इतरांसाठी वसतिगृह काढलं, कॉलेज काढलं, संसद भरवली. शिष्यवृत्ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली, ती अशी. आज परभणीत, जिंतूरला, गंगाखेडला, सेलूला ज्या मुलीच्या खात्यात शिष्यवृत्ती जमा होतेय, तिच्यापुढे दुसऱ्या कुणासाठी काही करायची जागा आहे का, हा प्रश्न आपल्या कॉलेजांना विचारायला हवा. विचारणारे आपणच आहोत.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या ओळीतून सुरुवात करू, तिकडचे हात मघापासून वर आहेत.